वाटांचा कारभारी

पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. त्या दिवशी काय घडले हे नानासाहेब पेशव्यांस कळले ते सुमारे दहा दिवसांनी, उत्तरेकडे येत असता भेलशाच्या परिसरात. आणि तेही सरकारी जासुदाकडून नव्हे, तर एका सावकारी पत्रातून. त्या पत्रातील मोती आणि मोहरांची सांकेतिक भाषा मराठी शाळेतील मुलांसही ठाऊक असते. आम्हांस येथे त्या पत्राच्या मजकुराविषयी नव्हे, तर त्याच्या वाटेविषयी बोलावयाचे आहे. अब्दालीने १७६० च्या ऑक्टोबरात बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो दिल्ली व मराठी फौज यांच्या मधोमध येऊन बसला. तेव्हापासून भाऊसाहेबांच्या टपालाची वाट खुंटली. सावकारांचे टपाल मात्र कोणत्याच पक्षाचे नसल्यामुळे चालू राहिले. एक वाट तुटली, दुसरी शिल्लक होती, आणि वार्ता शिल्लक राहिलेल्या वाटेने गेली. दळणवळणाच्या शास्त्राचे सारे सूत्र या एका वाक्यात आले आहे.

त्या दहा दिवसांच्या विलंबाबद्दल हळहळ वाटणे साहजिक आहे. तथापि विलंबास दुसरीही एक बाजू होती. पुण्याहून निघालेला हुकूम दिल्लीस पोहोचेपर्यंत कित्येक दिवस जात, आणि तेवढ्या अवधीत हुकूम देणाऱ्यास पश्चात्ताप झाला, तर पाठोपाठ दुसरा जासूद दौडविण्याची सोय असे. दिल्लीत पेशव्यांची वकिली करणाऱ्या हिंगणे घराण्यास धन्याच्या पत्राची वाट पाहत असता स्वतःच्या बुद्धीनेही चालावे लागे. अंतर हा राज्यकारभाराचा शत्रू होता हे खरेच. पण चुकीच्या हुकमास पडणारा तोच एक नैसर्गिक बांधही होता. हा बांध आज उरलेला नाही. तो नाहीसा झाल्यावर त्याच्या जागी माणसाने काय उभारले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आणि त्यासाठी आम्ही ज्या यंत्रणेचा इतिहास सांगणार आहोत, ती आमच्या बहुतेक वाचकांनी डोळ्यांनी कधी पाहिली नसली, तरी तिच्यावाचून त्यांचा एकही दिवस जात नाही.

करोल बागेत राहणाऱ्यास या यंत्रणेचा बाह्य भाग दररोज दिसतो. नवी दिल्ली वसविण्यासाठी जी खेडी उठविण्यात आली, त्यांतील पुष्कळ लोक या भागात येऊन राहिले. १९२१ मध्ये येथे हकीम अजमलखानांच्या तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन महात्मा गांधींच्या हस्ते झाले. फाळणीनंतर निर्वासितांनी येथील बाजार भरभराटीस आणला. आज त्याच अजमलखान रस्त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून मान वर करून पाहिले, तर आकाशाऐवजी तारांची जाळी दिसते. विजेच्या खांबांवरून लोंबणाऱ्या त्या काळ्या केबलींतून आमचे ई-पत्र घराबाहेर पडते. पलीकडे गफार मार्केटात मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर फोन उघडून त्यातील भाग न् भाग दाखवू शकेल. पण या गल्लीतून निघालेले पत्र पुण्याच्या सदाशिव पेठेत कोणत्या वाटेने गेले हे त्यालाही सांगता यावयाचे नाही. ते ठरते अन्यत्र.

एके काळी ती वाट फार विचित्र असे. शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये अर्नेट ही शिक्षण-संशोधनाची जाळी सुरू केली. मुंबईच्या जुहू येथील एनसीएसटी ही संस्था, बंगळूरची विज्ञानसंस्था आणि पाच आयआयटी तिच्यात होत्या. ही जुहूची संस्था पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये विलीन झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकास इंटरनेट खुले केले, आणि त्यानंतर काही वर्षांत अनेक खाजगी कंपन्या या धंद्यात उतरल्या. परंतु या कंपन्यांच्या जाळ्या देशात एकमेकींस जोडलेल्या नव्हत्या. त्यामुळे दिल्लीत एका कंपनीच्या ग्राहकाने पुण्यातील दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकास धाडलेला संदेश पुष्कळदा समुद्र ओलांडून परदेशी जाई आणि तेथून फिरून स्वदेशी येई. हा उलटा प्रवास थांबविण्यासाठी २००३ मध्ये ‘निक्सी’, म्हणजे भारताचे राष्ट्रीय इंटरनेट विनिमय केंद्र, स्थापन झाले. आणि त्याच्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक येथून जवळच, नोएडास आहे. निक्सीने काय केले? तिने नवी तार समुद्रात टाकली नाही. तिने शेजाऱ्यांस एका ओट्यावर आणून बसविले आणि एकमेकांस वाटा सांगावयास लाविले.

वाटा सांगण्याचे हे काम राउटर नावाची यंत्रे करतात. संदेशाचे लहान लहान भाग पडतात, त्यांस पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटावर पत्ता असतो, आणि प्रत्येक राउटर आपल्याजवळच्या यादीत पाहून ते पुढच्या राउटराच्या हवाली करतो. सबंध वाट कोणासच ठाऊक नसते. जासुदांच्या डाकेतही पहिल्या चौकीवरील माणसास शेवटच्या चौकीवरील माणसाचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने पुढची चौकी गाठली की त्याचे काम संपले. मात्र ही यादी तयार कोण करतो आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाचा, हाच खरा प्रश्न आहे.

१९६९ मध्ये अमेरिकेत अर्पानेट ही जाळी सुरू झाली, तेव्हा शेजारी यंत्रांनी एकमेकांस आपापली अंतरे कळवावीत आणि त्यावरून प्रत्येकाने आपली यादी करावी, ही पद्धत तिच्यात अवलंबिण्यात आली. १९८३ मध्ये बर्कलेच्या विद्यापीठाने आपल्या युनिक्स प्रणालीबरोबर ‘राउटेड’ नावाचा एक छोटा प्रोग्राम दिला. तो दर ३० सेकंदांनी आपली यादी शेजाऱ्यांस ऐकवी. आणि १५ मुक्कामांपलीकडचे स्थळ म्हणजे अगम्य, असा त्याचा हिशेब होता. घरगुती कारभारास ते पुरे होते, साम्राज्यास नव्हते. १९८९ च्या जानेवारीत टेक्सासमधील ऑस्टिन येथे तज्ज्ञांची सभा भरली असता कर्क लॉहीड आणि याकोव रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावरील कागदी रुमालांवर एका नव्या पद्धतीचे टिपण केले. तीच ‘बीजीपी’. तिच्यात प्रत्येक जाळीस एक क्रमांक असतो, आणि वाट सांगताना ती कोणकोणत्या क्रमांकांमधून आली हेही सांगावे लागते. पत्राच्या पाठीवर प्रत्येक ठाण्याचा शिक्का उमटावा, तसाच हा प्रकार आहे. आज जगातील झाडून साऱ्या जाळ्यांचा परस्परव्यवहार याच पद्धतीने चालतो, आणि वाटांच्या यादीतील नोंदी दहा लाखांच्या घरात गेल्या आहेत.

हा सारा कारभार हाकणारी आज्ञावली दीर्घकाळ मोठ्या कंपन्यांच्या महागड्या यंत्रांत बंदिस्त होती. कॉर्नेल विद्यापीठात जन्मलेला ‘गेटेड’ हा प्रोग्राम साध्या संगणकावर चाले; पण त्यात सर्व पद्धती एकाच गाठोड्यात बांधलेल्या होत्या, आणि पुढे त्याच्या वापरावर निर्बंधही आले. अशा वेळी १९९६ च्या सुमारास कुनिहिरो इशिगुरो या जपानी तरुण तंत्रज्ञाने नव्या आज्ञावलीस हात घातला आणि तिचे नाव ‘झेब्रा’ ठेविले. ती मुक्तस्रोत होती, म्हणजे तिची मूळ संहिता कोणीही वाचावी, दुरुस्त करावी, वाटावी. तिची दुसरी विशेषता आमच्या वाचकांस, म्हणजे ज्यांचे आयुष्य कचेऱ्यांत गेले त्यांस, विशेष रुचण्यासारखी आहे. इशिगुरोने एका अवाढव्य प्रोग्रामाऐवजी खाती पाडली. आरआयपी पद्धतीचे एक खाते, ओएसपीएफचे दुसरे, बीजीपीचे तिसरे. आणि या सर्वांची मते ऐकून अंतिम वाट यंत्राच्या गाभ्यात नोंदविणारे मध्यवर्ती खाते, तेच ‘झेब्रा’. एक खाते कोलमडले तरी दुसऱ्यांचे काम अडू नये, हा हेतू होता. या पडद्याआडच्या सेवकांस संगणकशास्त्रात ‘डीमन’ म्हणतात. आपण त्यांस कारकून म्हणू.

खाती पाडली की खात्यांचे दुखणे आलेच. प्रत्येक कारकुनाचा दरवाजा निराळा: झेब्राशी बोलावयाचे तर २६०१ क्रमांकाच्या दारी जावे, ओएसपीएफशी २६०४, बीजीपीशी २६०५. प्रत्येक दारी वेगळा परवलीचा शब्द आणि प्रत्येकाची वेगळी वही. एका गावाच्या वाटेबद्दल काही बदलावयाचे, तर तीन दारे ठोठवावीत आणि तीन वह्यांत लिहावे. सचिवालयात एखादी फाइल तीन मंत्रालयांतून फिरविण्याचा अनुभव ज्यांस आहे, त्यांस अधिक सांगणे नलगे. या त्रासावर जो उपाय निघाला, तोच आमच्या लेखाचा नायक. त्याचे नाव व्हीटीवाय शेल. हा एक छोटासा प्रोग्राम. त्यास चित्र नाही, खिडकी नाही, नुसती एक ओळ. त्या ओळीवर आपण आज्ञा लिहावयाची. ती कोणत्या खात्याची हे तो ओळखतो, त्या कारकुनाकडे पोहोचवितो, उत्तर आणून देतो, आणि सर्वांच्या वह्या एकत्र करून एकच वही लिहून ठेवू शकतो. स्वतः तो एकही वाट ठरवीत नाही. पेशवाईत फडावर बसून सर्व दप्तरांचा मेळ घालणारा जो कारभारी असे, त्याचीच ही जागा आहे.

झेब्राचा विकास पुढे मंदावला, तेव्हा २००३ च्या सुमारास तिची एक शाखा ‘क्वागा’ या नावाने निघाली. क्वागा हा दक्षिण आफ्रिकेतील झेब्र्याचाच एक नामशेष प्रकार. त्यातील शेवटचा प्राणी १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. नष्ट जातीचे नाव घेतलेल्या या आज्ञावलीने जगातील असंख्य संगणकांस राउटर बनविले. पण बदल स्वीकारण्याचा तिचा वेग पुष्कळांस अपुरा वाटू लागला, आणि २०१७ च्या एप्रिलात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली तिच्यातून ‘एफआरआर’ ही तिसरी पिढी जाहीर झाली. मालक बदलले, नावे बदलली; पण त्या एका ओळीचा कारभारी तिन्ही राजवटींत आपल्या जागी बसून आहे. राजवट बदलली तरी कुलकर्णी आपल्या वहीसह राहतो, हे आपल्या इतिहासात आपण पाहिलेच आहे.

हा कारभारी कसा चालतो हे पाहण्यासाठी आम्ही करोल बागेतील आमच्या बिऱ्हाडी एका जुन्या संगणकावर लिनक्स घालून एफआरआर चालविले. यास पैसा लागत नाही, आणि बाहेरच्या जाळीशी संबंध न ठेवता एकाच यंत्रात दोन-तीन काल्पनिक राउटर मांडता येतात, त्यामुळे कोणास उपद्रवही होत नाही. प्रथम ‘डीमन्स’ नावाच्या यादीत ज्या कारकुनास कामावर घ्यावयाचे त्याच्यापुढील ‘नो’ पुसून ‘येस’ लिहावे आणि सेवा पुन्हा सुरू करावी. मग कारभाऱ्यास हाक मारावी. तो संगणकाचे नाव लिहून पुढे आज्ञेची वाट पाहत बसतो. काय विचारावे हे सुचत नसल्यास नुसते प्रश्नचिन्ह दाबावे, म्हणजे त्या ठिकाणी चालणाऱ्या साऱ्या आज्ञांची यादी तो पुढे ठेवतो. ‘शो आयपी रूट’ असे लिहिले की वाटांचे कोष्टक समोर येते. प्रत्येक वाटेआधी एक अक्षर असते, ते वार्ता कोणी आणली हे सांगते: प्रत्यक्ष जोडलेली, मालकाने लिहून दिलेली, ओएसपीएफने कळविलेली, बीजीपीने आणलेली. एकाच गावाच्या दोन वाटा आल्या तर कोणाचे ऐकावे, याचेही अंक ठरलेले आहेत. स्वतःस जोडलेल्या वाटेस शून्य, मालकाने लिहिलेलीस १, बाहेरच्या जाळीकडून बीजीपीने आलेलीस २०, ओएसपीएफला ११०, आरआयपीला १२०. अंक जितका लहान तितका विश्वास अधिक. प्रत्यक्ष पुरावा, अधिकृत लेख, परक्याची बातमी अशी प्रतवारी इतिहाससंशोधक करतो. त्याला हे कोष्टक वाचताना परकेपणा वाटू नये.

वाटा पाहण्यात धोका नाही, बदलण्यात आहे. ‘कॉन्फिगर टर्मिनल’ म्हटले की कारभारी लेखणी आपल्या हाती देतो. झेब्रात असा नियम होता की, एका वेळी एकाच माणसाच्या हाती ही लेखणी असावी. दुसऱ्याने मागितल्यास खाते कुलूपबंद असल्याचे उत्तर मिळे. येथे लिहिलेली प्रत्येक ओळ ‘एंटर’ दाबताक्षणी अमलात येते. मसुदा नाही, टिपण नाही, वरिष्ठांची सही नाही. रद्द करावयाचे तर त्याच ओळीच्या आधी ‘नो’ लिहून ती पुन्हा द्यावयाची. आणि गंमत अशी की, अमलात आलेली आज्ञा वहीत उतरलेली नसते! ती वहीत जावी म्हणून ‘राइट मेमरी’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती न देता जूनच्या उकाड्यात करोल बागेची वीज गेली, तर संगणक पुन्हा उठेल तेव्हा जुन्याच वहीप्रमाणे वागू लागेल. म्हणजे अंमल एक आणि दप्तर दुसरे, अशी स्थिती या यंत्रात केव्हाही असू शकते. तोंडी आदेशावर काम झाले आणि फाइलीत मात्र मागचाच शेरा राहिला, हा प्रसंग ज्यांच्यावर गुदरला असेल, त्यांस यातील मेख ताबडतोब उमजेल.

या आज्ञांच्या भाषेविषयीही एक मोठा दावा झाला. झेब्राने आपली भाषा सिस्को या अमेरिकन कंपनीच्या राउटरांच्या धर्तीवर घडविली, कारण जगभरचे तंत्रज्ञ तीच बोलत होते. इतरांनीही तेच केले. २०१४ मध्ये सिस्कोने अरिस्टा या दुसऱ्या कंपनीवर फिर्याद केली. तीत ५०० हून अधिक आज्ञा आमच्याच चोरल्या, असे तिचे एक म्हणणे होते. २०१६ च्या डिसेंबरात ज्यूरीने या बाबतीत अरिस्टास दोषमुक्त केले: एखाद्या धंद्यात जी रूढ आणि अपरिहार्य बोली होऊन बसते, तिच्या उपयोगाबद्दल कोणास दंड करता येत नाही, असे त्या निकालाचे तात्पर्य. मोडीतील पत्रांचा मायना जसा कोणा एका चिटणिसाच्या मालकीचा नव्हता, तशीच हुकमाची ही भाषाही कोणाच्या खाजगी मालकीची ठरली नाही. मुक्तस्रोत आज्ञावलींच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हुकूम देण्यास एक ओळ आणि अमलास एक क्षण लागत असेल, तर चुकीच्या हुकमाचे काय होते? २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान सरकारने यूट्यूब हे चित्रफितींचे स्थळ आपल्या देशात बंद करण्याचा आदेश दिला. तेथील दूरसंचार कंपनीने यूट्यूबच्या १०२४ पत्त्यांपैकी २५६ पत्त्यांची वाट आपल्याकडे आहे, असे आपल्या राउटरांस सांगितले, हेतू हा की तिकडे जाणारे सारे पॅकेट मध्येच गडप व्हावे. पण ही बातमी देशाबाहेर गेली आणि हाँगकाँगच्या एका मोठ्या जाळीने ती पडताळून न पाहता पुढे पसरविली. राउटरांचा असा नियम आहे की, अधिक नेमका पत्ता अधिक खरा मानावा. ‘दिल्ली’ एवढेच सांगणाऱ्यापेक्षा ‘दिल्ली, करोल बाग’ असे सांगणाऱ्याचे ऐकावे. परिणामी जगभरचा यूट्यूबचा ओघ पाकिस्तानकडे वळला आणि सुमारे दोन तास ते स्थळ जगास दुर्मिळ झाले. देशापुरता काढलेला हुकूम पृथ्वीभर लागू झाला.

दुसरा प्रसंग ४ ऑक्टोबर २०२१ चा. फेसबुक कंपनीत नेहमीच्या देखभालीचे काम चालू असता जाळीची क्षमता अजमावण्यासाठी एक आज्ञा देण्यात आली, आणि तिने कंपनीच्या सर्व केंद्रांमधील संबंधच तोडले. अशा घातक आज्ञा अडविण्यासाठी एक तपासनीस प्रोग्राम नेमलेला होता. त्यातच दोष असल्यामुळे त्याने ती जाऊ दिली. मग कंपनीच्या नावांचा पत्ता सांगणारी यंत्रे आपली वाट बीजीपीतून मागे घेऊन बसली, आणि फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम ही तिन्ही सुमारे सहा तास अदृश्य झाली. दुरुस्ती करावयाची तर दुरून त्या यंत्रांशी बोलावयाची वाटच उरली नव्हती. माणसांस प्रत्यक्ष केंद्रांत जावे लागले. शेखचिल्लीने बसल्या फांदीवर घाव घातला, त्याचाच हा जागतिक प्रयोग. भाऊसाहेबांची वाट शत्रूने तोडली होती. येथे ती एका आज्ञेने घरच्या घरी तुटली.

या अनुभवांतून या क्षेत्रातील मंडळी जे शिकली ते मोठे उद्बोधक आहे. जो विलंब पूर्वी घोड्याच्या टापांबरोबर आपोआप मिळत असे, तो आता त्यांनी बुद्धिपुरस्सर यंत्रात बसविण्यास प्रारंभ केला. एफआरआरमध्ये आता असा नियम आहे की, बाहेरच्या जाळीशी नवे नाते जोडले तरी काय घ्यावे आणि काय द्यावे याचे धोरण लिहून दिल्याशिवाय एकही वाट घेतली वा दिली जात नाही. नवख्यास वाटते की यंत्र बिघडले. पण कोष्टकात शेजाऱ्याच्या नावापुढे ‘पॉलिसी’ एवढाच शब्द पाहिला की उलगडा होतो. अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून जावक क्रमांक पडू नये, तसेच हे. अमुक पत्त्यांची वाट सांगण्याचा अधिकार अमुक क्रमांकाचाच, अशी डिजिटल मोहर उठविण्याची पद्धतही २०१२ पासून प्रमाणित झाली आहे. तिची तपासणी एफआरआरचा बीजीपी कारकून करू शकतो. शिक्का पाहिल्याशिवाय फर्मान मानू नये हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. जगाच्या जाळीस ते पटण्यास चाळीस वर्षे लागली.

त्याहून महत्त्वाची सुधारणा मसुद्याची. अलीकडे, २०२३ पासून, एफआरआरमध्ये एक नवे मध्यवर्ती खाते आले आहे. त्यात प्रस्तावित वही आणि चालू वही अशा दोन वेगळ्या राहतात; आज्ञा प्रथम प्रस्तावित वहीत लिहावी, तपासून घ्यावी, मग एकदम अमलात आणावी, आणि बिनसले तर मागील अवस्थेकडे परत जावे. सर्व कारकून अद्याप या शिस्तीत आलेले नाहीत. पण दिशा स्पष्ट आहे. प्राग येथील चार्ल्स विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी १९९८ च्या सुमारास सुरू केलेल्या ‘बर्ड’ या दुसऱ्या मुक्तस्रोत आज्ञावलीने तर याहून चतुर युक्ती योजिली. तिच्या कारभाऱ्यास नवी वही देताना मुदतीची अट घालता येते: ठरलेल्या वेळात, सांगितले नसल्यास ३०० सेकंदांत, मी ‘कायम’ असे म्हटले नाही, तर जुनी वही आपोआप पुन्हा लागू कर. हुकमाने स्वतःचीच वाट तोडली असेल तर माणूस ‘कायम’ म्हणू शकणार नाही, आणि त्याचे मौन हेच रद्दबातल करण्याचे फर्मान ठरेल. पाठोपाठ दुसरा जासूद दौडविण्याची जी जुनी सोय, तिचाच हा पाच मिनिटांचा अवतार आहे.

आमच्या वाचकांस आम्ही हे सांगत आहोत ते त्यांनी राउटर चालवावेत म्हणून नव्हे. बदलीच्या गावी राहणाऱ्या मराठी अधिकाऱ्याच्या हातून आज जे हुकूम निघतात, तेही पूर्वीप्रमाणे टंकलेखकाच्या, जावक कारकुनाच्या आणि डाकेच्या हातून जात नाहीत. ते एका कळीसरशी देशभर पोहोचतात. जुन्या कार्यालयीन रीतींतील विलंब हा केवळ दप्तरदिरंगाई होता असे मानून तो साफ काढून टाकणे ही आजची रीत आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. परंतु त्या विलंबाच्या पोटात जो फेरविचार दडलेला होता, तो वेगळा काढून जपला पाहिजे. यंत्र घडविणाऱ्यांस हे दोन मोठ्या घातांनंतर तरी कळले. कचेऱ्यांनी तेवढी किंमत मोजण्याचे कारण नाही.

आणि शेवटी दप्तराची गोष्ट. पानिपतच्या मोहिमेचा आपण आज दिवसावारी मागोवा घेऊ शकतो, तो पुण्याच्या पेशवे दप्तरामुळे आणि त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत संपादून देणाऱ्या रियासतकार सरदेसायांमुळे. जगाच्या वाटांचेही असे एक दप्तर आहे. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाने आणि युरोपातील ‘राइप’ या संस्थेने १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून बीजीपीच्या वार्ता टिपून ठेविण्यास आरंभ केला. आणि ही टिपणी करणारी त्यांची यंत्रे बहुतांशी झेब्रा, क्वागा, एफआरआर याच घराण्यातील आज्ञावली चालवीत आली आहेत. पाकिस्तानच्या त्या हुकमाची वाट मिनिटामिनिटाने उलगडली ती याच नोंदींवरून. जी आज्ञावली वाटा दाखवते तीच वाटांची बखरकारही झाली, आणि ती बखर कोणीही वाचू शकतो.

मात्र त्या बखरीत एक गोष्ट सापडत नाही. कोणती वाट केव्हा बदलली हे तीत आहे. ती का बदलली हे नाही. कारभाऱ्यास सांगितले तर तो दिलेल्या प्रत्येक आज्ञेची नोंद ठेवतो, पण आज्ञेमागील कारण तो विचारीत नाही. ते लिहिण्याचे काम अजून माणसाकडेच आहे. हिंगण्यांनी दिल्लीहून लिहिलेल्या पत्रांचे मोल त्यांतील बातम्यांइतकेच त्यांतील कारणांत आहे. करोल बागेतील एखाद्या टेबलावर बसून आज जो कोणी ती एक ओळ लिहीत असेल, त्याने शेजारच्या वहीत तारीख, आपले नाव आणि दोन ओळींचे कारणही लिहून ठेवावे. पुढच्या इतिहासकाराचे काम त्यावाचून चालावयाचे नाही.